सव्वापट भार, निम्मं आयुष्य: एक्सल, शाफ्ट आणि वेल्ड का तुटतात

गाळपाच्या दिवसांत मोहोळ, पंढरपूर, अकलूज अशा कुठल्याही रस्त्याला उसाची एखादी ट्रॉली कुशीवर कलंडून बसलेली दिसते. चाक निखळलेलं, एक्सलचं टोक तुटलेलं. भोवती जमलेल्यांचं निदान ठरलेलं असतं: वजन जास्त झालं. पण तेवढं वजन गेल्या आठवड्यातही होतं, गेल्या हंगामातही होतं. तेव्हा एक्सलने ते पेललं. मग आज, सपाट रस्त्यावर, त्याने मान का टाकली?

उत्तर तुटलेल्या तोंडावरच असतं. ते टोक भंगारात टाकण्याआधी पुसून घ्या आणि उन्हात तिरकं धरून बघा. उजनीच्या फुगवट्याचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं तेव्हा काठाच्या मातीवर एकाखाली एक रेघा उरतात. पाणी जिथे काही दिवस थबकलं, तिथे एक रेघ. तुटलेल्या लोखंडावर अगदी तशाच कमानदार रेघा असतात आणि त्या सगळ्या काठावरच्या एका बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू म्हणजे तड्याचं जन्मस्थान. रेघांचा हा भाग गुळगुळीत असतो. त्यातलाही आधीचा पट्टा बहुधा गंजून तांबूस-काळा पडलेला, कारण तो गेल्या हंगामातला आहे. पावसाळाभर ट्रॉली उभी राहिली आणि ओल तड्यात शिरून बसली. नंतरचा पट्टा उजळ. आणि उरलेला भाग दाणेदार, खरखरीत, चकाकणारा. तुटण्याच्या क्षणी एक्सल फक्त त्या उरलेल्या भागावर उभा होता. हा खरखरीत भाग जितका लहान, तितका शेवटच्या क्षणीचा भार कमी. एखाद्या तोंडावर पाऊण भाग गुळगुळीत दिसला तर समजावं की इथे शेवटच्या खेपेचा दोष जवळजवळ नाहीच.

याला धातूचा थकवा म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो, लोखंड होत नाही. ट्रॉली सहा महिने शेडमध्ये ठेवली तरी तड्याची लांबी होती तेवढीच राहते, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या खेपेला तो तिथूनच पुढे निघतो.

दाणेदार भाग बघून गॅरेजमध्ये 'लोखंड कच्चं होतं, दाणे पडले' असं म्हणतात. हा गैरसमज जुना आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटून मोठा अपघात झाला. त्यानंतर कित्येक वर्षं मोठमोठे अभियंतेही हेच म्हणत होते, की हादऱ्यांनी लोखंड स्फटिकासारखं होतं. खरं म्हणजे लोखंड पहिल्या दिवसापासून स्फटिकांचंच बनलेलं असतं. १९०३ मध्ये यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की वारंवार भार बदलला की स्फटिकांतले थर एकमेकांवरून किंचित सरकतात, त्याच जागी पुन्हा पुन्हा सरकतात, आणि त्या सरकपट्ट्यांतून बारीक भेग उघडते. भार लोखंडाच्या ताकदीच्या निम्म्याहून कमी असला तरीही हे घडतं.

म्हणजे प्रश्न किती वजन टाकलं एवढाच नाही. भार किती वेळा चढला-उतरला आणि तो कुठल्या कोपऱ्यात गोळा झाला, हे जास्त महत्त्वाचं.

किती वेळा, याचा अंदाज सोलापुरातल्याच तीन यंत्रांवरून घ्या. टॉवेलचा साधा यंत्रमाग मिनिटाला ११० च्या आसपास फेरे घेतो असं धरलं, तर त्याच्या क्रँक शाफ्टचे तासाला ६,६०० फेरे होतात. दिवसाला वीस तास माग चालला तर १ लाख ३२ हजार. अडीच महिन्यांत एक कोटी. सोलापूर ते मुंबई रेल्वेचं अंतर सुमारे ४५५ किमी आहे. एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्याचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे एका फेरीत ते पावणेतीन मीटरहून थोडं जास्त कापतं. एका बाजूच्या प्रवासात एक्सल १ लाख ५८ हजार वेळा फिरतो. रेल्वेचा एक्सल चाकाबरोबर फिरत असल्याने त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. रोज जाऊन-येऊन धावणारी गाडी महिनाभरात एक कोटी गाठते. याउलट साखर कारखान्याचा मिल रोलर मिनिटाला चारच फेरे घेतो. दिवसाला ५,७६०, आणि दीडशे दिवसांच्या गाळपात पावणेनऊ लाखांच्या आत. कमी फेरे, पण प्रत्येक फेऱ्याचा ताण जबरदस्त.

ट्रॉलीचा एक्सल फिरत नाही. तो स्थिर असतो आणि त्याच्या टोकांवर बेअरिंगवर चाकं फिरतात. त्याला फेरा मोजायचा तो खड्ड्यांवरून आणि गतिरोधकांवरून. चाक जमिनीवरून वर रेटलं जातं, माल वरून खाली दाबतो, त्यामुळे एक्सलची खालची बाजू ताणली जाते. तडा म्हणूनच खालून सुरू होतो. आतल्या बेअरिंगच्या मागे जिथे व्यास एकदम बदलतो, त्या खांद्याच्या कोपऱ्यात, चिखल आणि ग्रीसच्या थराखाली. उभ्याने बघणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

हा खांदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण लेथवरचा अर्धा मिनिट इथे काही वर्षांचा फरक करतो. ४० मिमीच्या शाफ्टला पायरी देताना टूलने काटकोनात, जेमतेम ०.८ मिमीची गोलाई ठेवली, तर त्या कोपऱ्यात ताण सव्वादोन ते अडीचपट होतो. तिथेच ४ मिमीचा रेडियस दिला तर तो दीड-पावणेदोनपटीवर येतो. लोखंड तेच, व्यास तोच, वजन तेच. शाफ्टसाठी वापरतात त्या ईएन८ पोलादाची तुटायची ताकद ६०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) धरली तर त्याचा घासूनपुसून गुळगुळीत केलेला नमुना ३०० च्या आसपासचा उलटसुलट ताण कोट्यवधी वेळा सहन करतो. पण प्रत्यक्षातल्या शाफ्टवर टूलच्या रेघा असतात, आकार मोठा असतो, कोपरा धारदार असतो. हे सगळं वजा केलं की हाती शंभरच्या आसपास उरतं. झिजलेला जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग, वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करून घेतात, तेव्हा हा आकडा आणखी खाली येतो. मागाच्या शाफ्टला भरलेल्या जागेच्या कडेलाच पुन्हा तुटायची सवय असते ती त्यामुळे.

आता वजनाचा हिशेब. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताने घटतं. भार सव्वापट केला तर १.२५ चा घन, म्हणजे जवळपास दोन, आयुष्य निम्मं. भार दीडपट केला तर आयुष्य तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दुप्पट केला तर आठवा हिस्सा. सव्वापट भार टाकून ट्रॉली त्या दिवशी व्यवस्थित कारखान्यावर पोहोचते, दुसऱ्या दिवशीही पोहोचते, म्हणून 'काही होत नाही' असं वाटतं. झालेलं असतं, पण ते आत असतं.

आणि आतलं दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल पॅरिस यांनी दाखवलं की तड्याच्या वाढीचा वेग त्याच्या टोकाशी असलेल्या ताणाच्या तीव्रतेवर ठरतो, आणि ती तीव्रता तड्याच्या खोलीबरोबर वाढत जाते. पोलादासाठी तोच तिसरा घात घेऊन सरळ हिशेब केला तर असं दिसतं: ०.१ मिमीच्या खोडीपासून १० मिमी खोल तड्यापर्यंतच्या प्रवासात तीन चतुर्थांश आयुष्य तडा १ मिमी होईपर्यंतच सरतं. २ मिमीला ८६ टक्के संपलेलं असतं. ५ ते १० मिमी हा टप्पा जेमतेम पाच टक्क्यांत उरकतो. बसच्या कंडक्टरलाही दिसेल असा तडा पडलेला असताना 'हंगाम संपला की बघू' म्हणणं, हे या पाच टक्क्यांवर जुगार खेळणं आहे.

वेल्डबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत मोठी फसवणूक तिथे होते. ट्रॉलीच्या सांगाड्याचा चॅनल तुटला की मालक म्हणतो, आता भारी लोखंड वापरा, हाय टेन्साइल टाका. साध्या ई२५० ऐवजी ई३५०, किंवा त्याहूनही ताकदवान प्लेट आणली जाते. एकदाच प्रचंड भार यायचा असेल तर ती प्लेट नक्कीच जास्त पेलते. पण वेल्डच्या थकव्याची ताकद लोखंडाच्या दर्जाने वाढत नाही. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या वर्गवारीत प्रत्येक जोडाला एक आकडा असतो: २० लाख वेळा किती मेगापास्कलचा चढउतार सोसेल. हा आकडा साध्या पोलादाला आणि त्याच्या तिप्पट ताकदीच्या पोलादाला एकच. बट वेल्ड (दोन प्लेटा टोकाला टोक लावून केलेला) घासून सपाट केला असेल तर ११२. तोच न घासता चांगला केला असेल तर ८० ते ९०. आडव्या पट्टीच्या फिलेट वेल्डच्या (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डच्या) कडेला ६३ च्या आसपास. लांब पट्टी चिकटवली असेल तर तिच्या टोकाला ५०. आणि अर्धवट भेदलेल्या फिलेटचं मूळ फाटत असेल तर ३६.

असं का? वेल्डची कडा जिथे प्लेटला मिळते त्या रेषेवर, म्हणजे 'टो'वर, स्लॅगचे सूक्ष्म कण आणि अंडरकट (प्लेटमध्ये पडलेली बारीक खाच) असतात; एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. म्हणजे तडा तयारच असतो, त्याला जन्माला यावं लागत नाही. ताकदवान पोलाद तडा सुरू व्हायला उशीर लावतं खरं, पण सुरू झालेला तडा त्यातही साध्या पोलादाएवढ्याच वेगाने पुढे जातो. शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि कडेला लोखंडाच्या यील्डएवढा, म्हणजे ते कायमचं ताणलं जायला लागेल एवढा, ताण आधीच भरून ठेवतो. त्यामुळे बाहेरून फक्त दाब येत असला तरी त्या जागी ताणाचाच चढउतार होत राहतो.

म्हणून भारी प्लेट आणून तिच्यावर जास्त ऊस भरणं हे दुहेरी नुकसान आहे. ताण वाढला, जोड मात्र तोच राहिला.

छोट्या पट्टीने किती मोठं नुकसान होतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण उत्तर समुद्रातलं. २७ मार्च १९८० रोजी अलेक्झांडर किलँड हा तरंगता मंच उलटला आणि २१२ पैकी १२३ माणसं गेली. सुरुवात झाली ती एका आडव्या तुळईवर बसवलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या) आधारापासून. तो ६ मिमीच्या फिलेटने वेल्ड केलेला होता. मुख्य भार वाहण्याशी त्या आधाराचा काही संबंध नव्हता. तडा मात्र त्या वेल्डमधून निघाला आणि अख्ख्या तुळईत गेला. आपल्याकडे ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यावर, रिफ्लेक्टरची पट्टी, पाण्याच्या कॅनची कडी, साखळीचा हुक असं काहीबाही वेल्ड करतात. ड्रॉबारच्या खालच्या-वरच्या पात्यावर, सर्वांत जास्त वाकणाऱ्या जागी, असं काही लावूच नये. लावायचंच असेल तर चॅनलच्या उभ्या बाजूच्या मध्यावर, आणि शक्यतो क्लॅम्पने.

फाटलेल्या चॅनलची दुरुस्ती आपल्याकडे बहुधा अशी होते: तड्यावरून एक रॉड ओढायचा, वर चौकोनी पट्टी ठेवायची आणि चारही बाजूंनी वेल्ड मारायचा. यात तीन चुका आहेत. तडा आत शिल्लक राहतो. पट्टीच्या आडव्या टोकांवर नवी ५० ची जागा तयार होते. आणि जिथे चॅनल लवचीक होता तिथे तो एकदम ताठ होतो, म्हणून पुढचा तडा पट्टीच्या टोकाला बोटभर अंतरावर येतो.

नीट करायचं तर आधी तड्याची दोन्ही टोकं शोधावी लागतात. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे तो थोडा गेलेलाच असतो. रंग काढून डाय पेनेट्रंटने, म्हणजे तड्यात शिरून तो उठून दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने, बघावं. मग ग्राइंडरने तडा पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकारात उकरून काढायचा, पुन्हा डाय मारून तळाशी काही उरलं नाही ना हे बघायचं. वेल्डिंगचा नेहमीचा ६०१३ रॉड नको, कमी हायड्रोजनचा ७०१८ वापरा, तोही ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घेतलेला आणि वापरेपर्यंत ओव्हनमध्ये गरम ठेवलेला. उघड्या पाकिटातला रॉड हवेतली ओल धरतो, त्यातला हायड्रोजन वेल्डशेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यात शिरतो, आणि काम झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तिथे आतून चीर जाते. वेल्ड भरून झाला की सपाट घासा. घासण्याच्या रेघा चॅनलच्या लांबीला समांतर हव्यात, आडवी रेघ म्हणजे नवी खाच. फिलेटच्या कडेवर लहान गोल टोकाचा बर ग्राइंडर फिरवून अंडरकटच्या तळापासून अर्धा मिमी खाली जाईल एवढी गोल चरी काढली तर जोडाची ताकद साधारण १.३ पट होते. घनाच्या हिशेबाने आयुष्य दुप्पट. दहा मिनिटांच्या कामात एवढं दुसरं काही मिळत नाही. जादा पट्टी द्यायचीच तर तिची टोकं तिरकी निमुळती कापा, आणि चॅनलच्या पात्याच्या कडेवर आडवा वेल्ड मारू नका.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायची युक्ती खरी आहे, पण ती ट्रॉली घरी नेण्यापुरती. भोक ड्रिलचं, १० ते १२ मिमीचं, टोक पूर्ण आत येईल असं, आणि कडा घासलेल्या. गॅसने फुंकून पाडलेलं भोक तड्यापेक्षा वाईट.

एक्सल मात्र वेल्ड करू नये, बदलावा. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्के असतो. दोनशे अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय मारलेला वेल्ड शेजारचं लोखंड काचेसारखं कडक करतो. स्प्रिंगच्या पाट्यांना तर वेल्डिंगचा रॉड टेकवूही नये. चुकून मारलेल्या आर्कचा तांदळाएवढा डागही पाटा तिथून तोडायला पुरतो. अर्थ क्लॅम्प चाकाला लावून चॅसीवर वेल्ड करण्याची सवय बेअरिंगच्या गोळ्यांवर ठिपके पाडते, तेही टाळा.

पाटा मधल्या बोल्टच्या भोकाशी तुटला तर पाट्याला दोष देण्याआधी यू-बोल्ट बघा. ते घट्ट असतात तोवर मधला भाग शिकंज्यात धरलेला असतो आणि भोकापाशी वाकतच नाही. सैल झाले की सगळं वाकणं भोकावर येतं. बोल्टचं गणितही असंच उलटं आहे: जो बोल्ट आधीच खूप ताणलेला असतो, तो कमी थकतो. नीट आवळलेल्या जोडात बाहेरच्या भाराच्या चढउताराचा लहानसा हिस्साच बोल्टला कळतो, बाकीचा दाबलेल्या प्लेटा सोसतात. सैल बोल्ट सगळाच सोसतो आणि नटच्या आतल्या पहिल्या आट्याशी तुटतो, कारण सुमारे एक तृतीयांश भार त्या एकट्या आट्यावर असतो. ८.८ दर्जाचा १६ मिमीचा बोल्ट सुमारे २०० न्यूटन-मीटरला आवळावा लागतो. हाताच्या अंदाजाने तो बहुधा कमीच राहतो. यू-बोल्ट ट्रॉली भरलेली असताना आवळा आणि पहिल्या काही खेपांनंतर पुन्हा एकदा.

मिल रोलरचा शत्रू वेगळा. उसाचा रस आंबट असतो. तो रोलरच्या कवचाच्या कडेने शाफ्टवर झिरपतो, बारीक खड्डे पाडतो, आणि प्रत्येक खड्डा तड्याचं बी ठरतो. कोरड्या हवेत पोलादाला एक मर्यादा असते, जिच्या खालचा ताण ते जवळजवळ कायम सोसतं. ओल्या, आंबट जागी ती मर्यादाच उरत नाही. गाळप संपल्यावर जर्नल आणि खांदे धुऊन, वाळवून, अल्ट्रासॉनिकने तपासून ग्रीसखाली ठेवणं हे पुढच्या हंगामाचं खरं काम आहे.

रेल्वेच्या रुळांत थकव्याला थंडी साथ देते. लांब वेल्ड केलेला रूळ आकसू शकत नाही, त्यामुळे तापमान एक अंश उतरलं की त्यात २.४ मेगापास्कल ताण भरतो. ४० अंशांना निवांत बसवलेला रूळ पहाटे १४ अंशांवर आला तर ६० च्या वर ताण चाक येण्याआधीच हजर असतो. थर्मिट वेल्डमधली (वितळलेलं पोलाद ओतून केलेल्या जोडातली) जुनी चीर अशा पहाटे उघडते, म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त असते.

फताटेवाडीसारख्या सुपरक्रिटिकल वीजकेंद्रांत वापरतात ते नऊ टक्के क्रोमियमचं पी९१ हे प्रगत पोलाद, पण तिथेही कमजोर जागा जोडाशीच निघते. वेल्डच्या उष्णतेने बाहेरच्या कडेला एक मऊ पट्टा तयार होतो आणि काही वर्षांनी तडा त्याच पट्ट्यातून जातो. वेल्डनंतर ७५० ते ७७० अंशांवर धरून ठेवणं अनिवार्य असतं, तरी तो पट्टा पूर्ण जात नाही. ॲल्युमिनियमला कोरड्या हवेतही कायम सोसण्याची मर्यादा नसते. कार्बन फायबरमध्ये एकच तडा धावत नाही, थर एकमेकांपासून सुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता ट्रॉलीची तपासणी. डाय पेनेट्रंटचे तीन डबे नसतील तर जुना रेल्वेचा उपाय आजही चालतो: तेल आणि खडू. दसऱ्याच्या आधी चाकं उतरवा. स्पिंडलचा (एक्सलच्या चाक बसतं त्या टोकाचा) खांदा, ड्रॉबार आणि चॅनलचा जोड, हुकची मान, पाट्यांच्या बैठकीजवळचा एक्सल, एवढ्या जागांवरचं ग्रीस आणि रंग काढा. ग्राइंडर फिरवू नका, त्याने लोखंड पसरून तड्याचं तोंड बुजतं. रंग रिमूव्हरने, ग्रीस डिझेलने काढा. मग रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास मुरू द्या, फडक्याने खडखडीत पुसा आणि फळ्याचा पांढरा खडू आडवा धरून दाट घासा. जॅकने एक्सल थोडा वर-खाली करा. तडा असला तर आत मुरलेलं तेल खडूवर झिरपतं आणि पाचेक मिनिटांत केसाएवढी काळपट रेघ उमटते. खांद्याच्या खालच्या बाजूला अशी २० मिमीची रेघ दिसली तर आत तडा ५ ते १० मिमी गेलेला असू शकतो. तो एक्सल त्याच दिवशी उतरवायचा.